बोजा चढवा, शेषरावभाऊ!

…अन् वरतून मलेच इचारते! भर मीटिंगीत! खाली पार्किंगमंधी अठरा खुर्च्या टाकल्या, त्यातल्या अकरा रिकाम्या, अन् आमचे अध्यक्ष भगवंतराव चष्मा कपायावर चढवून मले इचारते, "शेषराव, तुमी तिसऱ्या मजल्यावर दर आठ दिवसाले कायले जात होते?" कायले म्हंजे? मी सेक्रेटरी हावो! डाबकी रोडवरच्या या मोर्णाकाठ सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सेक्रेटरी! तिसऱ्या मजल्यावर पार्बताबाईचा मेंटेनन्स चौदा महिन्यापासून थकला होता, तं मी काय तठी भजन कराले जात होतो? वसुलीले गेलतो, बाप्पा, वसुलीले!

तुमाले सांगतो, सेक्रेटरी कोनी सोताहून होत नाई, त्याले करते. माही बायको गेली त्याच सालची गोष्ट. मीटिंग भरली, मी आपला मांगच्या खुर्चीवर बसेल, अन् कोनीतरी बोललं, "शेषरावकाका घरी रिकामेच असते, त्याईलेच करा ना." रिकामेच! एकतीस वर्षं तलाठी होतो मी, राजेहो! इकडं हिवरखेड, तिकडं अडगाव, अर्ध्या तालुक्याचे सातबारे या हातानं लिहेल हायेत. लोकं दारात रांग लावून बसत, "तलाठीसायेब, नाव चढवा", "तलाठीसायेब, बोजा उतरवा". जेवता जेवता उठा लागे. बायको बोंबले, "अवो, घास तं गिया!" आता घास गियाले टाइमच टाइम हाये, बोंबलनारी नाई. पोरगी रागिनी बेंगलोरले असते. इतवारी व्हिडिओ लावते. "बाबा, जेवले?" जेवलो. "औषधं घेतली?" घेतली. "बाबा, तुमी दिसून नाई राहिले." मीही तिले तेच सांगतो, तू दिसून नाई राहिली. मंग दोघंही फोन हालवत बसतो. इतकंच बोलनं होते.

तं म्हून मी म्हटलं, चाला, सेक्रेटरी तं सेक्रेटरी, दारोदार जाऊ, चार लोकायची तोंडं दिसतीन. पयल्या महिन्यात पावतीबुक काखेत मारलं, धुतलेला शर्ट घातला, निंघालो. तुमाले खरं सांगू? एक दार उघडलं नाई! दाराले ते भिंग असते ना, त्यातला उजेड गेला की समजाचं, अंदरून डोया लागला. मंग उजेड वापस येते, म्हंजे डोया गेला. मंग माह्याच खिशात मोबाइल वाजते, टिंग! "काका, मेंटेनन्स टाकला. मोनाली, फ्लॅट नंबर पाच." अवं माय, मी तुह्या दारातच हुभा हावो, तू दाराच्या मांगं हुभी हायेस, दोघायच्या मधात दीड इंचाचं लाकूड, अन् पैसे कुठून कुठून फिरून संस्थेच्या खात्यात येऊन राहिले! पावती घ्याले तं दार उघड! तं पुन्हा टिंग. "पावती व्हॉट्सअ‍ॅपवर टाका काका." सतरा फ्लॅट असेच, टिंग, टिंग, टिंग. दोन घंट्यात वसुली खतम. पावतीबुक कोरंच्या कोरं घरी घेऊन आलो.

अन् अठरावा फ्लॅट पार्बताबाईचा. दार सताड उघडं! पाट्याचा वरवंटा आडवा लावून ठेवेल, की वाऱ्यानं बंद होऊ नये. मी बेल शोधून राहिलो तं अंदरून आवाज, "या भाऊ. पैसे नाई, बसा."

पैसे नाई, बसा! आता सांगा, असं कोनी म्हनलं तं सेक्रेटरीनं काय कराचं? बसलो. चहा आला, गवती चहा टाकेल. वाटीत खारोड्या आल्या, कच्चा कांदा, शेंगदाने. बाई सत्तरीच्या, मास्तरची बायको, मास्तर जाऊन सा वर्षं झाली, गाव हिवरखेड. हिवरखेड! मी म्हटलं, "तुमचा सातबारा मीच लिहेल असन." त्या म्हनते, "असन. अक्षर वाचता येत नोतं." मंग कोनाचं वावर कोनाले गेलं, कोनाच्या धुऱ्यावरचं बाभूय कोनी तोडलं, इतकं बोलनं झालं की निंघता निंघता दिवे लागले, अन् मेंटेनन्स इचाराचा राहूनच गेला. म्हून आठ दिवसानं पुन्हा जा लागलं. वसुलीले गेलतो, बाप्पा, वसुलीले!

आता तुमी म्हनसान, बाई गरीब असतीन. कायच्या गरीब! मास्तरची पेन्शन एक तारखेले जमा. पोरगा कुलदीप हैदराबादले कंपनीत, तोही पैसे धाडते. मंग मेंटेनन्स काहून भरत नाई? मी चार महिने इचारलं नाई. पाचव्या महिन्यात भगवंतरावनं फोन करून झापलं, "शेषराव, एका घरानं नाई भरलं की उद्या दहा घरं नाई भरत!" म्हून मी गेलो अन् थोडा आवाज चढवला. म्हटलं, "पार्बताबाई, असं नाई चालत. नियम हाये. तीन नोटिसा देईन, मंग सहकाराच्या ऑफिसातून वसुलीचा दाखला आनीन, अन् तुमच्या फ्लॅटवर बोजा चढवीन! मंग तुमाले फ्लॅट इकता येनार नाई, समजलं?"

मले वाटलं बाई घाबरतीन. बाई पदर सावरून सरकून बसल्या अन् हयूच म्हनते, "खरंच चढवता येते, भाऊ? मंग लवकर चढवा ना!"

मी चहाचा कप खालीच ठेवला. एकतीस वर्षाच्या नौकरीत बोजा उतरवाले लोकं कोंबड्या घेऊन येत, तुपाचे डबे घेऊन येत. बोजा चढवा म्हननारं हे पयलं मानूस! मंग सारी गोष्ट समजली. कुलदीपले फ्लॅट इकाचा होता अन् आईले हैदराबादले न्याचं होतं. वाईट नाई तो पोरगा, बरं का. त्याले काळजी. आई एकटी, पायऱ्या तीन मजल्याच्या, पडली झडली तं? पन बाई दोन महिने राहून आलत्या तठी. म्हनते, "भाऊ, चवदावा मजला. साऱ्या मजल्यावरचे दारं एकसारखे. एक डाव खाली गेली अन् वापस येता येता मले माहं घरच सापडलं नाई. कोनाले इचारू, तं कोनी दिसन तवा ना! पोरगा-सून सकायी जाते, दिवसभर मी अन् टीवी. अठी निदान बेबीताई भाजीचा गाडा घेऊन खालून हाका मारते, गावचं कोनी दवाखान्यात आलं तं माह्या घरी भाकर खाते. तठी मी मेली तं पयले त्या मशीनले समजन, लिफ्टच्या."

अन् त्याईच्या सासऱ्याची गोष्ट सांगतली. खुशालराव. हिवरखेडले रोडले लागून वावर, चांगलं काया मातीचं, अन् दोन पोरायले ते इकाची घाई. म्हाताऱ्यानं काय केलं? गावच्या सोसायटीतून दोन हजाराचं कर्ज काहाडलं अन् मुद्दाम भरलंच नाई! सातबाऱ्यावर बोजा चढला. गिऱ्हाईक ये, सातबारा पाहे, अन् "राम राम" करून चाललं जाये. म्हातारा मरेपर्यंत वावर जागच्या जागी. पार्बताबाई म्हनते, "लोकं वावराले काटे लावते, माह्या सासऱ्यानं बोजा लावला. मलेही तसाच लावून द्या, भाऊ. पैसे हायेत माह्यापाशी, पन मी भरनार नाई."

मले तं पटलं, राजेहो! तलाठ्यालेच नाई पटन तं कोनाले पटन? बोजा म्हंजे बोजा, वावर काय अन् फ्लॅट काय. अन् मनातलं सांगू? मले ते पटून घ्याचंच होतं. फ्लॅट इकला असता तं तिसऱ्या मजल्यावरचं ते दार गेलं असतं. बिल्डिंगीत एकच दार होतं ना ते. पन हे भगवंतरावले कसं सांगाचं? म्हून मी आपला साऱ्यायले सांगत फिरो, वसुलीले गेलतो, बाप्पा, वसुलीले!

मंग सुरू झालं आमचं काम. काय नोटिसा लिहिल्या म्हून सांगू! टाइपवाल्याकडून नाई, सोताच्या हातानं, मोत्यासारखं अक्षर. पयली नोटीस घेऊन गेलो, वाचून दाखवली. बाई म्हनते, "पुन्हा वाचा, गोड वाचता." पुन्हा वाचली. मंग सही. त्या सही शिकल्या उतारवयात, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात, तं एकेक अक्षर काहाडाले पाच मिनिटं, 'पार्' झालं की चहा, 'बता' झालं की पानी. एका नोटिशीले दोन घंटे लागत. दुसऱ्या नोटिशीच्या दिवशी पानगे केले होते अन् वांग्याची भाजी. नोटीस ताटाच्या बाजूले ठेवली तं तिले रस्सा लागला, नवीन लिहा लागली, म्हून पुन्हा जा लागलं. तिसरीत 'जप्ती' असा शब्द आला. बाई म्हनते, "मंग डफडं वाजवत येसान काय माह्या दारात?" मी म्हटलं, "नियमात तं डफडं हाये." "मंग दुपारून आना. सकायी मले दूध-पानी असते."

सहकाराच्या ऑफिसात गेलो तं तठचा बाबू माह्याकडं पाहातच राहिला. "काका, लोकं बोजा रोखाले हातापाया पडते, तुमी चढवाले घाई करून राहिले! लय खुन्नस दिसते त्या बाईवर?" मी म्हटलं, "लय." काय सांगू त्याले? सुनावनी झाली. त्यानं इचारलं, "बाई, थकबाकी मान्य हाये?" तं बाई म्हनते, "मान्य हाये सायेब, अन् भरनारही नाई. लिहून घ्या." आमी दोघंही एकाच ऑटोत गेलो, एकाच ऑटोत वापस आलो. रस्त्यात उसाचा रस पेलो. वादी-प्रतिवादी! रसाचे पैसे प्रतिवादीनं देल्ले.

अन् मंग दाखला भेटला. बोजाचं पत्र रजिस्ट्रीच्या ऑफिसात गेलं. त्याची नक्कल मी बाईले नेऊन देल्ली, तं बाईनं ती देव्हाऱ्यात ठेवली अन् तिले हायद-कुकू वाहिलं! बोजाच्या कागदाले हायद-कुकू! त्यानंतर कुलदीपनं धाडलेलं एक गिऱ्हाईक आलं फ्लॅट पाहाले, तं बाई म्हनते, "बसा, चहा घ्या, किचन पाहा, बालकनी पाहा, बोजा पाहा." त्या मानसानं चहा अर्धा टाकला, अन् कुलदीपलेही कायी न सांगता गायब झाला. मी बाजूलेच बसेल होतो. इतका हासलो, इतका हासलो, की बायको गेल्यापासून असा हासलो नोतो.

पन आता माही अक्कल आयका. बाईनं मले एक गोष्ट बजावून सांगतली होती. "भाऊ, कुलदीपले हे सांगू नका." मी म्हटलं, "सांगत नाई." अन् शपथेवर, सांगतलं नाई. पन फ्लॅट दोघायच्या नावानं, मायलेकाच्या. अन् खातेदार दोन असले तं नक्कल दोघायले धाडा लागते, हा नियम हाये. एकतीस वर्षं हाच हात हेच करत आला. पाकीट घेतलं, हैदराबादचा पत्ता लिहिला, तिकीट लावलं, रजिस्टर पोस्टानं धाडलं, अन् घरी येऊन निवांत झोपलो. मले वाटलंच नाई की मी काही सांगतलं! सांगनं येगयं अन् नोटीस येगयी, असंच डोक्यात बसेल. मानूस रिटायर होते, त्याचा हात रिटायर होत नाई.

पाचव्या दिवशी कुलदीप हजर. पयले माह्याच दारात आला. माह्या दाराची बेल वाजली तं मी उठलो इतक्या झपाट्यानं की पायजम्याची नाडी दारात अडकली! पाहातो तं पोरगा हात जोडून हुभा. भांडला असता तं बरं झालं असतं, मी दोन नियम तोंडावर फेकले असते. तो म्हनते, "काका, माफ करा. आईनं तुमाले चौदा महिने त्रास देल्ला. मले माहीतच नाई. लाज वाटून राहिली." अन् तसाच दारात हुभा राहून मोबाइल काहाडला, अंगठा फिरवला, टिंग! मुद्दल, व्याज, दंड, सारं. चौदा महिन्याची आमची मेहनत, तीन नोटिसा, ऑटो, उसाचा रस, एका टिंगमंधी साफ! म्हनते, "आता बोजा उतरवा काका, अन् कायीच बाकी नाई असा दाखला द्या. गिऱ्हाईक थांबेल हाये."

मी म्हटलं, देतो. उद्या देतो. उद्याले म्हटलं, शिक्का सापडत नाई. परवाले म्हटलं, शाईचा पॅड सुकला. तिसऱ्या दिवशी म्हटलं, मीटिंग घ्या लागते, ठराव लागते, कोरम लागते. एकतीस वर्षात शिकेल सारे बहाने तीन दिवसात वापरून टाकले, राजेहो.

चौथ्या दिवशी सकायी बेल वाजली. पार्बताबाई. दोन मजले उतरून आलत्या, कठडा धरून धरून. चौदा महिन्यात मीच त्याईच्या घरी जाओ, त्या माह्या घरी पयल्यांदाच. मी म्हटलं, "बसा, चहा टाकतो." तं साखरच नोती घरात. बायको गेल्यापासून कोनी पाहुना आला असन तं साखर राहीन ना! बाई म्हनते, "राहू द्या चहा. भाऊ, शिक्का मारून द्या."

मी म्हटलं, "बाई, तुमीच म्हनलं होतं…"

"म्हनलं होतं. पन काल देव्हाऱ्यातला तो कागद पाहून कुलदीप रडला. येवढा मोठा बाप्या माह्या मांडीवर डोकं ठेवून रडला. म्हने, 'आई, तू आमच्यापासून वाचाले घरावर बोजा चढवून घेतला?' आता सांगा भाऊ, पोरगा असा बोलल्यावर मायनं काय कराचं? वावर राखता येते. पोराले असं रडत ठेवता येते काय?"

मंग म्हनते, "मी जाईन, मले सून हाये, नातू हाये, टीवी हाये. तुमी एकटे पडसान."

मी म्हटलं, "मी कायले एकटा? सेक्रेटरी हावो मी. अठरा फ्लॅट हायेत माह्या हाताखाली."

अन् शिक्का काहाडला. टेबलावरच होता. लिहिलं, 'सदर सदनिकाधारकाकडून संस्थेचे कोणतेही येणे बाकी नाही.' ते 'कोणतेही' लिहिताना हात थांबला, खोटं कायले बोलू. मले वाटलं, लिहावं, बाकी हाये. लय बाकी हाये. पन तसा रकानाच नसते त्या कागदात. सही केली. बाईनं निंघताना वाकून माह्या दाराची चौकट पाह्यली, अन् म्हनते, "दाराले एखादा दगड लावत जा, भाऊ. वाऱ्यानं बंद होते."

गेल्या त्या. फ्लॅट घेतला अमोल नावाच्या पोरानं, चांगला हाये बिचारा, येताबरोबर सालभराचा मेंटेनन्स एकदमच टाकला, टिंग! दाराले कॅमेऱ्याची बेल बसवली. मी एक डाव गेलतो ओळख कराले, तं ती बेलच माह्यासंग बोलली, "कृपया आपला संदेश सांगा." मी सांगतला. म्हटलं, "कायी नाई, सेक्रेटरी हावो." त्याचा जवाब अजून आला नाई.

अन् मंग ही मीटिंग! भगवंतराव म्हनते, "यंदा आपल्या संस्थेची वसुली शंभर टक्के!" सात जनायनं टाया वाजवल्या. माह्या गयात हार घातला. अन् त्याच्यानंतर हा सवाल, की शेषराव, तिसऱ्या मजल्यावर कायले जात होते? अन् मांगून कोनीतरी खी खी हासलं. मी काय म्हननार? म्हटलं, वसुलीले गेलतो, बाप्पा, वसुलीले!

पन तुमाले म्हून एक सांगतो, कोनाले सांगू नका. भगवंतरावचे ते शंभर टक्के खोटे हायेत. तीन महिने झाले, मी माहाच मेंटेनन्स भरला नाई. मुद्दाम! म्हटलं पाहू, थकला तं थकला, कोनीतरी येईन ना मांगाले, बेल वाजवन, दोन शब्द बोलन. साखर आनून ठेवली. दाराले दगड लावून ठेवला. एक महिना वाट पाह्यली, दोन महिने पाह्यली, तीन महिने पाह्यली… कोनी आलं नाई. मले राग आला, राजेहो, म्हटलं ही काय संस्था हाये काय, तीन महिन्याची थकबाकी अन् इचाराले कोनी येत नाई! काल दुपारी बसल्या बसल्या माह्या ध्यानात आलं… या बिल्डिंगीत वसुलीले दारोदार जानारा मानूस एकच हाये. अन् तो मी घरातच बसेल हावो.